क्रीडाविज्ञानाचं पुस्तक लिहायला घेताना

माणूस किती पळू शकतो, किती उचलू शकतो, कधी दमतो आणि का दमतो, यावर मराठीत लिहिणारे मोजके आहेत आणि वाचायला तयार असलेले भरपूर. पहाटे साडेपाचला कुठल्याही मोठ्या शहरातल्या मैदानावर जा, खात्री पटेल. या लोकांच्या वाट्याला येतो तो मजकूर मात्र बहुतेक वेळा इंग्रजी बातमीवरून उतरवलेला असतो, आणि ती इंग्रजी बातमीही कुठल्याशा प्रसिद्धिपत्रकावरून. तीन हात फिरलेला आकडा शेवटी वाचकाकडे पोचतो. या क्षेत्रात लेखक म्हणून उभं राहायचं तर शैली, ओघ वगैरे पुढच्या गोष्टी. आधी सवय लावून घ्यायची ती आकड्याचा माग मूळ शोधनिबंधापर्यंत काढण्याची. म्हणून इथे त्यावर जास्त लिहिलं आहे, आणि प्रकाशन-मानधनावर कामापुरतं.

प्रश्न निवडणं

‘क्रीडाविज्ञान’ हा पुस्तकाचा विषय होत नाही, तो ग्रंथालयाच्या कपाटावरचा फलक आहे. पुस्तकाला प्रश्न लागतो. तो पुरेसा आहे का, हे तपासायला एकच गोष्ट करा. तोच प्रश्न एका प्रशिक्षकाला, एका शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासकाला आणि एका खेळाडूला विचारा. तिघांचं उत्तर एकच आलं तर बाराशे शब्दांचा लेख होईल. तिघं तीन दिशांना गेले आणि प्रत्येकाकडे स्वतःचा पुरावा निघाला, तर पुस्तकाचा ऐवज आहे.

कबड्डीचंच घ्या. चढाईला ३० सेकंद, आणि तेवढा वेळ दम घुमवत राहायचं. चढाई करणारा शेवटच्या पाच सेकंदांत मंदावतो तो श्वासामुळे, पायातल्या थकव्यामुळे, की समोरच्या सात जणांवर लक्ष ठेवून मेंदू शिणल्यामुळे? हा प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडणार नाही आणि आपल्याकडे तो विचारायला माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. तालमीतला खुराक, मल्लखांबावरची पकड, जानेवारीतल्या मुंबईच्या दमट हवेतली मॅरेथॉन, हे सगळे असेच.

इथे एक खड्डा आहे आणि नवा लेखक त्यात हमखास पडतो. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली, अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातला. दोघंही ३,००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचे, दोन्ही तालुके दुष्काळी. लगेच वाक्य सुचतं: ‘दुष्काळानं धावपटू घडवले.’ ऐकायला छान, पण पुरावा दोन माणसांचा. त्याच गावांतून पायी शाळेत गेलेली आणि कधीच धावपटू न झालेली हजारो मुलं हिशेबात धरलेलीच नाहीत. शिवाय साबळे स्पर्धेत उतरला तो सैन्यात दाखल झाल्यावर, म्हणजे तिथलं प्रशिक्षण, आहार आणि स्पर्धांची सोय यांचा वाटा वेगळा मोजावा लागतो. यशस्वी झालेल्यांकडूनच मागे मोजत गेलं की कुठलीही गोष्ट कारण वाटू लागते.

निबंध वाचायचा क्रम

शोधनिबंध वरून खाली वाचू नका. सारांश सर्वांत शेवटी. क्रम असा ठेवा: पैसा कुणी दिला आणि हितसंबंधांची घोषणा काय आहे; मग पद्धती, म्हणजे किती माणसं, कोण, काय मोजलं; मग तक्ते आणि आलेख; मग चर्चेतला मर्यादांचा परिच्छेद. एवढं झाल्यावर सारांश वाचला की तो कुठे जरा फुगलाय ते दिसतं.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘कार्बन प्लेटच्या बुटांनी माणूस ४ टक्के वेगानं धावतो’ हे वाक्य मराठीतही बरंच फिरलं. त्यामागचा अभ्यास कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेतला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. खर्च नायकीचा, आणि लेखकांमध्ये कंपनीचे कर्मचारीही. हे निबंधात उघड लिहिलेलं आहे. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण तुमच्या परिच्छेदात ते यायलाच हवं. धावणारे १८. सगळे १० किलोमीटर ३१ मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात धावणारे. वेग ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर, प्रत्येक खेप पाच मिनिटांची. मोजलं काय, तर शरीराचा ऊर्जाखर्च. तो सरासरी ४ टक्के कमी भरला; कुणाचा दोनेक टक्के, कुणाचा सहाच्या आसपास.

आता बातमीतलं वाक्य पुन्हा वाचा. ऊर्जाखर्चाचे ४ टक्के म्हणजे वेगाचे ४ टक्के नव्हेत. वेग वाढला की हवेचा अडथळाही वाढतो, त्यामुळे वरच्या दर्जाच्या धावपटूला वेगात मिळणारा फायदा त्याहून कमी असतो. दुसरं, शर्यत मोजलेलीच नाही. मोजल्या त्या पाच-पाच मिनिटांच्या खेपा. तिसरं आपल्या वाचकासाठी सर्वांत महत्त्वाचं. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणारा ४२.१९५ किलोमीटर ताशी साधारण ८.४ किलोमीटरनं धावतो. हा वेग त्या प्रयोगात नव्हताच. म्हणून प्रामाणिक वाक्य असं होईल: ‘ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगानं धावणाऱ्या १८ तरबेज धावपटूंचा ऊर्जाखर्च या बुटांत सरासरी ४ टक्क्यांनी कमी भरला, तुम्ही त्याहून बरेच हळू धावत असाल, तर हा आकडा तुमचा नाही.’ वाक्य लांबलं, पण खरं झालं. लांबी कमी करण्याची कसरत पुढच्या खर्ड्यात करा.

दहा हजार तासांच्या सरावाच्या प्रसिद्ध ‘नियमा’चंही तसंच. मूळ अभ्यास १९९३ चा, अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. दहा-दहांचे तीन गट. विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाची सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या घरात होती. सरासरी म्हटलं की काही जण तिच्या खाली आलेच, त्यामुळे ‘उंबरठा’ हा शब्द तिथे बसत नाही. शिवाय लहानपणापासूनचे तास त्या मुलांनी आठवून सांगितलेले होते, कुणी घड्याळ लावून बसलं नव्हतं. या दोन गोष्टी न लिहिता ‘दहा हजार तास रियाज केला की प्रभुत्व येतं’ असं लिहिणं म्हणजे वाचकाच्या पोराला उगाच कामाला लावणं.

किस्सेही तपासून घ्या, आकड्यांहून जास्त. रॉजर बॅनिस्टरनं ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. पुढे प्रेरणादायी भाषणांत ऐकू येतं की त्यानंतर वर्षभरात डझनांनी लोक चार मिनिटांच्या आत आले, कारण ‘मनातली भिंत पडली’. नोंदी पाहा. जॉन लँडी ४६ दिवसांनी, २१ जून १९५४ ला. मग २८ मे १९५५ ला लंडनमध्ये एकाच शर्यतीत आणखी तिघं. म्हणजे बॅनिस्टर धरून पाच. आणि त्याआधीचा ४ मिनिटं १.४ सेकंदांचा विक्रम १९४५ पासून तसाच का राहिला, याचं उत्तर शोधताना महायुद्धानं विस्कटलेल्या स्पर्धा आणि सराव आधी पाहावे लागतात, मन त्यानंतर.

निबंध मिळवायचे कुठून

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, शोध घ्या. पूर्ण निबंध मोफत असेल तर पबमेड सेंट्रलवर सापडतो. नसेल तर अनपेवॉल हे ब्राउझरमधलं साधन कायदेशीर मोफत प्रत कुठे असल्यास दाखवतं. तिथेही नाही मिळालं तर निबंधावर ज्याचा ईमेल दिलेला असतो त्या संशोधकाला लिहा. चार ओळी पुरतात: तुम्ही कोण, कुठला निबंध हवा, कशासाठी, आणि तक्त्याबद्दल एक नेमका प्रश्न. नेमक्या प्रश्नामुळे उत्तर येण्याची शक्यता वाढते, कारण निबंध खरोखर उघडून पाहिलाय हे त्यांना कळतं. आपल्या विद्यापीठांतले शारीरिक शिक्षणाचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात आहेत. दर्जा कमीअधिक आहे, पण खो-खो आणि कबड्डीच्या खेळाडूंची मोजमापं तिथे मिळतात आणि इतरत्र क्वचितच.

जुनं साहित्य विसरू नका. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांच्या वेळी पोटातला दाब मोजला, क्ष-किरणांनी चित्रं घेतली आणि ते सगळं ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापलं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मातीत झालेलं मोजमाप हाताशी असताना प्रत्येक प्रकरण अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतच सुरू करायची गरज नाही.

निबंध वापरण्याआधी आणि पुस्तक छापायला देण्याआधी, असं दोनदा, तो मागे घेतला गेलाय का ते बघा. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी खुली आहे.

दाव्यांची वही

पहिल्या दिवसापासून एक तक्ता चालू ठेवा. रकाने एवढे: पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, आकडा आणि एकक, मूळ निबंध व त्याचा डीओआय (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक), पान किंवा तक्ता क्रमांक, किती आणि कोणत्या लोकांवर, खर्च कुणाचा, मी स्वतः मूळ निबंध उघडला का, हो की नाही, दुसऱ्या कुणी तपासलं का. ‘नाही’ असलेली ओळ लाल ठेवा. लाल ओळ शिल्लक असताना प्रकरण संपादकाकडे जात नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या. पुस्तक लिहून झाल्यावर मागे जाऊन हा तक्ता करू म्हणाल तर होत नाही. तोवर कुठला आकडा कुठून घेतला ते विसरलेलं असतं, आणि मग माणूस गुगलवर आपलाच आकडा शोधायला बसतो आणि त्याच आकड्याच्या तिसऱ्या हाताच्या बातम्या पुरावा म्हणून जोडतो.

प्रयोगशाळेत आणि तालमीत

कागदावरून लिहिलेलं पुस्तक कागदासारखंच वाटतं. किमान एक ट्रेडमिल चाचणी समोर उभं राहून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. वजनाच्या किलोमागे मिलिलिटरमध्ये सांगतात. दवाखान्यात बहुधा ब्रूस पद्धत असते: ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ इथून सुरुवात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिली सहा मिनिटं वहीत लिहिण्यासारखं फारसं नसतं. नंतर मास्कच्या कडेनं घाम ओघळायला लागतो, पावलांचा आवाज जड होतो, धावणारा दांडी धरायला बघतो आणि तंत्रज्ञ त्याला हात काढायला सांगतो, कारण दांडीवर भार टाकला की पायांचं काम हलकं होतं, माणूस जास्त वेळ टिकतो आणि त्या वेळेवरून काढलेला आकडा फुगतो. पडद्यावर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं आणि वापरलेल्या ऑक्सिजनचं गुणोत्तर एकच्या वर चढतं. ते १.१ ओलांडेपर्यंत माणूस टिकला तर चाचणी खरंच कमालीपर्यंत गेली असं सहसा धरतात. त्याआधीच थांबला तर छापून मिळणारा आकडा त्याच्या कुवतीचा नव्हे, त्या दिवशी तो जिथे थांबला तिथला. हे बघितलेल्या लेखकाच्या हातून ‘त्याचा व्हीओटू मॅक्स ५२ आहे’ असं कोरडं वाक्य सहजी उतरत नाही.

तालमीत गेलात तर वस्तादांना ‘डेटा’ मागू नका. आधी बसा. मग ‘वस्ताद, आज पोरांनी जोर किती मारले, बैठका किती?’ असं विचारा. आकडे बिनचूक मिळतात, कारण तिथे मोजूनच काम चालतं. खुराकाचं मात्र ‘पेलाभर’, ‘मूठभर’ असंच उत्तर येणार. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पिशवीत ठेवा: रिकामा पेला तोला, थंडाई भरून पुन्हा तोला, बदाम भिजवण्याआधी तोला, कारण भिजलेल्याचं वजन पाण्यानं वाढतं. पोषणमूल्यं परदेशी ॲपवरून घेऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले आहेत, ते वापरा. म्हशीचं दूध आणि गाईचं दूध यांतला फरक तिथे नीट दिसतो.

मुलाखत ध्वनिमुद्रित करायची तर सुरू होण्याआधी विचारा आणि होकारही त्यातच येऊ द्या. दोन यंत्रांवर घ्या. तासाभराचं बोलणं उतरवायला चारेक तास जातात, तेवढा वेळ आधीच बाजूला काढा. आपोआप उतरवणारी साधनं मराठी बोलीत आणि आकड्यांत हमखास चुकतात, ‘साडेतीनशे’चं काय होईल सांगता येत नाही. संशोधकाला एक प्रश्न नक्की विचारा: ‘तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं तुम्हाला कशावरून पटेल?’ खेळाडूच्या दुखापती, औषधं, मासिक पाळी, वजन याबद्दल काहीही छापायचं तर लेखी संमती घ्या. प्रशिक्षकाची परवानगी तिची जागा घेत नाही, आणि खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांचीही सही लागते.

मराठी शब्दांत होणारे अपघात

शालेय विज्ञानात बल, शक्ती, ऊर्जा आणि कार्य हे चार वेगळे शब्द आहेत. बोलण्यात सगळंच ‘ताकद’. वजन उचलण्याची क्षमता, ते झटक्यात उचलण्याची क्षमता आणि तासभर उचलत राहण्याची क्षमता या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवर होणारे प्रयोगही निराळे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ताकद, झटका आणि दमसास अशी तुमची वाटणी ठरवा, संपादकाला यादी द्या आणि शेवटपर्यंत मोडू नका. प्रचलित इंग्रजी शब्द देवनागरीत चालतात. लॅक्टेट, हॅमस्ट्रिंग, ट्रेडमिल यांना संस्कृत कपडे घालण्यात अर्थ नाही.

पेसमध्ये तर भलेभले घसरतात. पेस म्हणजे किलोमीटरमागे लागणारी मिनिटं; ती कमी झाली की वेग वाढतो. ५ मिनिटांचा पेस ४ मिनिटं ३० सेकंदांवर आला तर वेळ १० टक्क्यांनी घटली, पण वेग ताशी १२ वरून १३.३३ झाला, म्हणजे ११ टक्क्यांनी वाढला. ‘पेस १० टक्के वाढला’ असं लिहिलंत तर नेमका उलटा अर्थ निघतो. धोक्याचे आकडे तसेच. हजारात दोघांऐवजी तिघांना दुखापत होऊ लागली तर ती ‘५० टक्के वाढ’ असते खरी, पण वाचकाला हजारातले दोन आणि तीन दाखवा.

कामाची चढण आणि पैसा

सुरुवात पुस्तकापासून नको. आधी पुरवण्यांसाठी आठशे ते बाराशे शब्दांचे पाच-सहा लेख, प्रत्येकात एकच अभ्यास नीट सोललेला. मग दिवाळी अंक. तिथे चार हजार शब्दांची जागा मिळते आणि एका प्रकरणाची तालीम होते. विषय उन्हाळ्यात सुचवा. ऑगस्टमध्ये फोन केलात तर अंक भरलेला असतो. असे दोन-तीन लेख झाले की प्रकाशकाकडे जाताना प्रश्न एका परिच्छेदात, प्रकरणांची यादी, एक पूर्ण प्रकरण आणि त्या प्रकरणाचा दाव्यांचा तक्ता न्या. तक्ता बघून गंभीरपणा कळतो.

पैशाचा हिशेब आधीच करून ठेवा. ३०० रुपये किंमत, हजार प्रतींची आवृत्ती, १० टक्के मानधन: सगळ्या प्रती खपल्या तर ३० हजार. दोन वर्षांच्या कामाचे. म्हणजे नोकरी सोडायची नाही. स्तंभ, व्याख्यानं, अनुवाद, ऑडिओ यांतून बाकीचं भरायचं. बूट, पावडर किंवा घड्याळ विकणाऱ्यांकडून फुकट नमुने आणि ‘सहकार्यानं’ लेख घेऊ नका. घेतलेच तर त्या विषयावर पुस्तकात लिहू नका.

करार लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे’ अशी ओळ दिसली तर ती खोडून घेईपर्यंत सही नाही.

छपाईच्या आधी

संशोधकाला त्याच्या कामाचे परिच्छेद तपासायला पाठवा, अख्खं प्रकरण नव्हे; चूक दाखवण्याचा हक्क त्याचा, मत बदलायला लावण्याचा नाही. कुठल्याही गोळीची, पावडरीची मात्रा सल्ला म्हणून देऊ नका. उत्तेजकांबद्दल लिहिलं असेल तर वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी असलेल्या पदार्थांची यादी दर १ जानेवारीला नव्यानं लागू होते, त्यामुळे कुठल्या वर्षाची यादी ते मजकुरातच लिहा.

सर्वांत शेवटी आकड्यांचं वेगळं प्रूफ. मजकूर युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये आणि परत असा फिरला की दशांशचिन्ह, अधिक-उणे आणि टक्क्याची खूण गळते, ३.५ चे ३५ होतात, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही कारण शब्द सगळे बरोबर असतात. दोघांनी बसा: एकानं दाव्यांच्या तक्त्यातून आकडा एककासह मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील पानावर पेन्सिलीनं टिंब द्यायचं. चाळीस मिनिटांनी अदलाबदल, कारण त्यानंतर डोळा वाचत नाही, नुसता सरकतो. छापून आल्यावर वाचक ज्या चुका कळवतील त्या त्याच तक्त्यात, तारखेसह, नव्या रकान्यात टाका. दुसऱ्या आवृत्तीची वेळ येते तेव्हा प्रकाशक आठ दिवसांची मुदत देतो आणि हाच रकाना कामाला येतो.